बाबांची हरकत

सांगली, ९ जून

प्रिय ताई,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं आणि चौथ्याला तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

बाबांना नोव्हेंबरात ऐंशी पूर्ण होतील. पदवीधर मतदारसंघातून तीनदा निवडून आलेला, अठरा वर्षं विधान परिषद गाजवलेला माणूस, आणि आज इथल्या नव्या पत्रकारांना निशिकांत उपळेकर कोण हे सांगावं लागतं. आई गेल्यावर तू त्यांना सिंगापूरला नेलंस, तेव्हापासून तर गावाने त्यांना विसरूनच टाकलं. म्हणून आम्ही काही जणांनी गौरव समिती स्थापन केली आहे. ग्रंथ निघतोय. नाव ठरलं आहे, 'वरिष्ठ सभागृहातील दीपस्तंभ'. त्यात संसदीय कार्यपद्धतीला बाबांनी दिलेलं योगदान, राज्याच्या धोरणांवरच्या चर्चेत त्यांनी मांडलेली भूमिका, सहकाऱ्यांच्या आठवणी असं सगळं असेल. तुझ्याकडून एक लेख हवा आहे, 'मुलीच्या नजरेतून'. थोडं हळवं लिही. तुला जमणार नाही, तरी लिही.

प्रकाशन मंत्र्यांच्या हस्ते आहे. बाबांनी यायलाच हवं.

आणि एक, अजून कुणाला बोलू नकोस. पदवीधरची निवडणूक जवळ आली आहे आणि पक्षात माझं नाव पुढे आहे. बाबांनी दोन ओळी आशीर्वादाच्या लिहून दिल्या तर काम सोपं होईल. इतकी वर्षं मी लोकांच्या सतरंज्या घातल्या, आता एकदा आपली घालावी म्हणतो.

बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
क्षितिज

*

बुकित पंजांग, सिंगापूर, १४ जून

प्रिय क्षितिज,

शेवटपर्यंत वाचलं. दीपस्तंभापाशी जरा अडखळले, पण वाचलं.

तुझा दीपस्तंभ सध्या आमच्या कॉन्डोच्या चौथ्या मजल्यावर असतो. सकाळी खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांत, जाऊन कमी साखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितात आणि मग LRT या छोट्या ट्रेनमध्ये बसून एक फेरी मारून येतात. तुला माहीत नसेल, इथली LRT घरांच्या अगदी जवळून जाते, आणि तशी जवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, कुणाच्या बेडरूममध्ये कुणाला दिसू नये म्हणून. बाबांना याचं फार कौतुक. म्हणतात, "आमच्याकडे हे काम खुर्च्यांवरची माणसं स्वतःच करायची." डाव्या डोळ्याचं काही खरं नाही, उजव्याने मथळे तेवढे दिसतात. बाकीचा पेपर जाई वाचून दाखवते. तिला कंटाळा आला की "आजोबा, this one same as yesterday lah" म्हणून पान उलटते. सभागृहात इतकं सोपं असतं तर!

आता योगदान. माझ्या नजरेतून हवंय ना? अठरा वर्षांत बाबांनी सरकारचं एकही विधेयक पाडलं नाही. एकही स्वतःचं पास करून घेतलं नाही. उभं राहायचं, "सभापती महोदय, हरकतीचा मुद्दा" म्हणायचं, समोरच्यांनी हसायचं, आणि बाबांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढायचं. मंत्री झाले नाहीत, महामंडळसुद्धा मिळालं नाही. आईने अठरा वर्षं दारात माणसं आली की चहा टाकला आणि त्या माणसांची कामं दुसऱ्या कुणीतरी केली.

माझ्या साखरपुड्याची आदली संध्याकाळ तुला आठवते का? तू सांगलीत होतास. मी आणि आई अधिवेशन बघायला नागपूरला गेलो होतो, संध्याकाळच्या गाडीने तिघांनी परत यायचं होतं. शेवटचा दिवस. सगळे आमदार बॅगा घेऊनच आले होते. आणि मध्येच सरनोबतांच्या विद्यापीठाचं विधेयक टेबलावर आलं, त्यात खोतवाडीचं गायरान त्यांना देऊन टाकायचं कलम. बाबा सव्वा तास बोलले. मी वर गॅलरीत बसून बघत होते. एकेक जण घड्याळ बघून उठत होता, आणि खाली फक्त बाबा बोलत होते, भिंतींशी. मग थांबले आणि म्हणाले, सभापती महोदय, सभागृहात कामकाज चालवायला पुरेसे सदस्य नाहीत. घंटी वाजली. कुणी आलं नाही. सभागृह तहकूब. आमची गाडी केव्हाच गेली होती. आई आणि मी मिळेल त्या बसने निघालो, बाबा मागे राहिले, कारण सचिवालयातून नोंद तपासून घ्यायची होती. साखरपुड्याला बाबांच्या जागी मामा बसला.

आणि ते विधेयक? दोन वर्षांनी परत आलं आणि चहा प्यायला लागतो तितक्या वेळात पास झालं. हे झालं योगदान. हळवं वाटलं का?

तुझ्या आशीर्वादाचं मी विचारलेलं नाही, तूच विचार. बाबा सध्या कामात आहेत. आमच्या कॉन्डोची, म्हणजे सोसायटीची, वार्षिक सभा आहे. तुझे दाजी रुचिर तुआस बंदरावर जहाजांच्या मागे आणि मला ऑडिट, तेव्हा मतदानाची प्रॉक्सी मी बाबांच्या नावाने भरून दिली. त्यांनी नियमावली जाईकडून अख्खी वाचून घेतली आहे. पोरगी रडकुंडीला आली.

ताई

*

सांगली, २१ जून

प्रिय ताई,

तुझी चेष्टा वाचली. सिंगापुरात बसून ती परवडते. मला इथे राहायचं असतं.

तुला साखरपुड्याचं दुःख आहे, मी समजू शकतो. पण त्या भाषणाची किंमत तू एकटीने दिली नाहीस. मला बारावीला इंजिनिअरिंगला थोडे मार्क कमी पडले. सरनोबतांनी स्वतः घरी माणूस पाठवला होता, पोराला आमच्या कॉलेजात पाठवा म्हणून. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मी बी.कॉम. केलं, मग लॉ अर्धवट. माझ्या वर्गातले जे त्या कॉलेजात गेले त्यातले चार तुझ्याच सिंगापुरात जुरोंग ईस्टला कंपन्या चालवतात. मी कुणाच्या सभेला खुर्च्या कमी पडल्या तर मंडपवाल्याला फोन करतो.

म्हणून मोकळं सांगतो. प्रकाशनाचं सभागृह सरनोबतांचं आहे, छपाईही तेच करतायत. चारुदत्त सरनोबत म्हणजे आता मोठे साहेब, पक्षात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. माणूस मोठ्या मनाचा आहे. ज्याने आपल्याला विरोध केला त्याचा गौरव आपल्या खर्चाने करतोय. बाबांना एवढ्यात नाव सांगू नकोस. ग्रंथाची प्रुफं सोबत पाठवतो, त्यातलं विद्यापीठावरचं प्रकरण सोडून बाकी वाचून दाखव. त्यांना आनंद होईल.

तुझा,
क्षितिज

*

बुकित पंजांग, १३ जुलै

प्रिय क्षितिज,

आधी कॉन्डोच्या सभेचं सांगते, कारण बाबा तेच आधी सांगायला सांगतायत.

आमचे अध्यक्ष म्हणजे यशोधन, बँकेत मोठ्या पदावर, मूळचे ठाण्याचे. गणेशोत्सवात माइक त्यांच्याच हातात असतो. माझं ऑडिट लवकर आटोपलं म्हणून मीही जाऊन मागे बसले. पुरेशी माणसं नव्हती. अर्धा तास वाट बघितली, आणि मग जे असतील तेवढ्यांवर सभा सुरू. इथला नियमच तसा आहे. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा नियम मला नागपूरला घातक ठरला असता."

सगळं संपत आल्यावर, 'इतर विषय' मध्ये, यशोधननी एक ठराव वाचला. स्विमिंग पूलमागे जो मंडप आहे ना, तिथे रविवारी आमच्या इमारतींतल्या हेल्पर बायका बसतात, घरोघरी राहून काम करणाऱ्या, कुणी फिलिपिन्सच्या, कुणी म्यानमारच्या. सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन बसतात, गावी व्हिडिओ कॉल करतात, एकमेकींचे केस कापतात. ठराव असा, की तो मंडप फक्त रहिवाशांसाठी. कारण काय तर शोभा. लोक उठायच्याच बेतात होते, हात वर झालेच होते, आणि आपले बाबा उभे राहिले.

इंग्रजी तुला माहीतच आहे त्यांचं, सांगलीच्या वकिलाचं. म्हणाले, हा विषय सभेच्या नोटिशीत नाही. जो विषय नोटिशीत नाही त्यावर चर्चा करा, मत घेता येणार नाही. यशोधन हसले. मराठीत म्हणाले, "काका, ही काही विधान परिषद नाही."

बाबा म्हणाले, "म्हणूनच तर इथे नियम पाळायला सोपं जावं."

दोघंतिघं हसले. एक चिनी म्हातारे गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक असावेत, ते म्हणाले की हे uncle बरोबर बोलतायत. मग कारभार बघणाऱ्या कंपनीकडून आलेल्या मुलीने घाबरत घाबरत कायद्याचं पान उघडलं आणि म्हणाली, खरंच घेता येणार नाही. ठराव पुढे गेला, वेगळी सभा, वेगळी नोटीस. मला लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, तुमच्या वडिलांना काय पडलंय, तुमच्याकडे तर हेल्पर पण नाही. मी म्हटलं, त्यांना पहिल्यापासून दुसऱ्यांच्या गायरानाची हौस आहे. तिला कळलं नाही ते बरं.

आता तुझी प्रुफं. तू सोड म्हणालास ते प्रकरण मी मुद्दाम वाचलं. का, ते विचारू नकोस. दीपस्तंभाची पन्नास पानं मोठ्याने वाचल्यावर माणसाला काहीतरी खरं ऐकावंसं वाटतं. वाक्य असं होतं: 'सरनोबत विद्यापीठ विधेयकावर त्यांनी केलेले सव्वा तासाचे अभ्यासपूर्ण भाषण आजही जाणकारांच्या स्मरणात आहे.' पुढे लगेच विद्यापीठाच्या प्रगतीचा परिच्छेद, इमारतीचा फोटो. फोटोच्या कोपऱ्यात बाबांचा गोल फोटो. वाचणाऱ्याला वाटेल पायाभरणी यांनीच केली.

बाबांनी ते वाक्य परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "वाक्य नियमात आहे. एकही शब्द खोटा नाही."

मी विचारलं, मग चालेल का?

बाबांनी छपाई कोण करतंय ते विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं चिडतील, तसं काही झालं नाही. कोपी संपवली, कप धुवून ठेवला. मग म्हणाले, "क्षितिजला लिही. एक शब्द घाल म्हणावं. 'विधेयकाविरोधात केलेले भाषण.' एवढंच. बाकी दीपस्तंभ म्हणा, आकाशकंदील म्हणा, माझी हरकत नाही."

तेव्हा त्यांचा निरोप तुला पोचवला. एकच शब्द आहे. सरनोबतांचं मन एवढं मोठं आहे तर मावेल त्यात.

ताई

*

सांगली, १७ जुलै

ताई,

तो शब्द येणार नाही.

तुला तिथून कळणार नाही, एका शब्दाने इथे काय काय पडतं. सभागृह जाईल, छपाई जाईल, मंत्री यायचे नाहीत, आणि माझं नाव यादीतून जाईल. बाबांनी जन्मभर स्वतःची बाजू नोंदवली. त्या नोंदी कुणी वाचल्या? कपाटात आहेत, वाळवी वाचते. मी त्यांना पहिल्यांदाच लोकांसमोर आणतोय, हार घालून आणतोय, आणि ते म्हणतात हरकतीचा मुद्दा.

तू ते प्रकरण मुद्दाम वाचशील हे मला ठाऊक होतं. तुला बाबांबद्दल काही वाटत नाही, मला वर येऊ द्यायचं नाही एवढंच आहे. लेख पाठवायचा नसेल तर नको पाठवू. बाबांचं तिकीट काढून ठेवलं आहे. ते येतील. मुलाच्या कार्याला बाप येतो.

क्षितिज

*

बुकित पंजांग, ५ सप्टेंबर

क्षितिज,

बाबा येणार नाहीत. तिकीट परत कर, अजून पैसे मिळतील. त्यांचं म्हणणं शब्दशः असं: "मुलाचं कार्य असेल तर येईन. हे सरनोबतांचं आहे."

लेख सोबत पाठवते. 'मुलीच्या नजरेतून'. नागपूरची ती संध्याकाळ आहे, बाकी काही नाही. रिकाम्या खुर्च्या, घंटी, बाबा, आणि वर गॅलरीत बसलेली मी, जिला त्यांची लाज वाटत होती. त्यात 'विरोधात' हा शब्द आहे. छापणार नाहीस, पण लेख तू मागितला होतास.

माझ्याबद्दल तू लिहिलंस त्यावर भांडायला बसले होते, पण मधे इथली दुसरी सभा झाली आणि माझा भांडायचा हुरूप गेला. या वेळी नोटीस रीतसर आली. दोन महिन्यांत इमारतीत बरंच बोलणं झालं होतं. कुणी लिफ्टमध्ये मंडपाचा फोटो लावला, कुणी काढला. जाईने शाळेत त्यावर निबंध लिहिला आणि बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. हॉल भरला होता. बाबा बोलले, चिनी मास्तर बोलले, मी बोलले. होय, मी. आणि ठराव पास झाला. थोडक्यात, पण झाला. आता रविवारी त्या बायका समोरच्या सरकारी ब्लॉकखाली खांबांच्या मध्ये बसतात.

परत येताना मी बाबांना चांगलं सुनावलं. म्हटलं, काय मिळालं? नागपूरला तेच, इथे तेच. दोन महिने उशीर, आणि शेवटी त्यांच्या मनासारखं.

बाबा म्हणाले, "पहिल्या दिवशी झालं असतं तर कुणी केलं ते कुणालाच कळलं नसतं. आज प्रत्येकाला शेजाऱ्यासमोर हात वर करावा लागला. यशोधनचा हात अर्धाच वर गेला, बघितलंस का?"

मी बघितलं होतं. यशोधन आता लिफ्टमध्ये माझ्याशी हवामानावर बोलतात, ते सुद्धा मजला येईपर्यंत संपवतात. आणि मला सारखं वाटतंय, की चोवीस वर्षं मी त्या संध्याकाळी गाडी चुकली एवढंच बघत आले. तुझा दीपस्तंभ तुला लखलाभ. मला हा माणूस पुरे आहे, आणि तोही फार छळतो.

ताई

*

सांगली, २८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

ग्रंथ पाठवला नाही. पाठवणार नाही. शंभरेक प्रती माझ्या जिन्याखाली आहेत.

प्रकाशन झालं. हॉल भरला होता, सरनोबतांच्या कॉलेजातल्या पोरांना हजेरी सक्तीची होती. मधली खुर्ची बाबांसाठी मोकळी ठेवली होती, तिच्यावर शाल. मंत्री उशिरा आले, घाईत बोलले, बाबांना दोनदा चंद्रकांतराव म्हणाले. मी शेजारी उभा होतो. दुरुस्त केलं नाही. टाळ्या वाजवल्या.

आणि परवा उमेदवारी जाहीर झाली. सरनोबतांच्या सूनबाई, अनघाताई. पदवीधर आहेत, यापलीकडे मला काही माहीत नाही. त्यांच्यासमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार नाही. माझं नाव प्रचार समितीत घातलंय, मंडप आणि भोजन.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, मला शब्द दिला होता. ते शांत होते, मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले, "क्षितिजराव, तुमच्या वडिलांनी आमची दोन वर्षं खाल्ली. सगळ्या राज्यात आमचं नाव पेपरात आलं, दुसऱ्या वेळी विधेयकाला कुणी कुणी मत दिलं त्याची यादी आली. आम्ही ते विसरलो नाही. तुम्ही विसरलात. जो बापाचं विसरतो त्याला आम्ही तिकीट देऊन काय करू?"

ताई, मला त्या माणसाचा राग येत नाही. तेवढा पण हक्क राहिला नाही. चहा पिऊन आलो. पिऊन आलो, हे मला जास्त लागतंय.

तुझा लेख तेव्हा वाचला नव्हता, काल वाचला. खूप वाईट लिहिलायस, एकही विशेषण नाही. आईचं ते बसमधलं, तिने तुझ्या साखरपुड्याची साडी मांडीवर घेऊन आणली ते मला माहीत नव्हतं.

बाबांना काही सांगू नकोस. किंवा सांग. तू सांगशीलच.

क्षितिज

*

सिंगापूर, ४ डिसेंबर

चि. क्षितिज यास,
अनेक आशीर्वाद.

राधिका लिहून घेते आहे. मध्ये मध्ये तिने आपली टीका घातली तर ती कामकाजातून काढून टाकलेली समजावी.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं, सगळं. सरनोबत म्हणाले ते बरोबर आहे. त्यांची बुद्धी नेहमी चांगली होती, ती कशाला वापरली यावर माझा आक्षेप होता. तुला वाटत असेल मी खूष आहे. नाही. तुला कॉलेजात घालायला मी नकार दिला तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास आणि मी तिसऱ्या दिवशी अधिवेशनाला निघून गेलो. तुझ्याजवळ बसून का नाही म्हटलं ते सांगायला हवं होतं. सभागृहाला सव्वा तास समजावलं, तुला पाच मिनिटं दिली नाहीत. त्यामुळे तुला मी कळलो नाही, यात सगळा दोष तुझा नाही.

आता कामाचं. अर्ज भरायला अजून आठवडा आहे. अपक्ष म्हणून भर. मी पहिल्यांदा तसाच भरला होता. पैसा नाही, माणसं नाहीत, पक्ष नाही, हे सगळं मला माहीत आहे, ते लिहून पाठवू नकोस. तू पडशील. सरनोबतांची सून निवडून येईल. पण ती बिनविरोध येणार नाही, लोकांना शाई लावून तिला मत द्यावं लागेल, आणि ज्यांना द्यायचं नाही त्यांना कुठेतरी द्यायला जागा असेल. ती जागा म्हणजे तू. एवढंच काम आहे आणि ते लहान नाही.

भाषणात माझं नाव घेऊ नकोस. ग्रंथ वाटू नकोस. पहिली सभा आपल्या गल्लीत घेऊ नकोस, तिथे आपल्या दोघांनाही ओळखतात.

मी येतो आहे. डॉक्टरांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, ती पुढे ढकलली आहे. राधिकाचं मत, मी मूर्ख आहे. तिकीट तिनेच काढलं.

तुझा,
बाबा

*

सांगली, मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय ताई,

फोनवर तू "किती?" विचारलंस आणि मी सांगितलं आणि तू हसलीस. बरं केलंस. पण एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही.

बाबांना मोजणीच्या हॉलमध्ये पास मिळाला होता, माझे प्रतिनिधी म्हणून. खुर्ची दिली होती. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं होतं. अनघाताई पहिल्या पसंतीतच कोटा ओलांडून गेल्या होत्या. बाहेर त्यांचे ढोल सुरू झाले. मी माझ्या टेबलावर उभा राहून नुसता बघत होतो, म्हणजे बघायचं म्हणून. तेवढ्यात माझ्या नावाच्या खणात एक गठ्ठा ठेवला गेला. वरची मतपत्रिका माझी होती. मला उगीच वाटलं म्हणून खालची बघायला मागितली. तिची होती. त्याच्या खालचीही. अख्खा गठ्ठा तिचा, वरची एक सोडून.

कर्मचारी दमला होता, त्याची चूक. शेजारी सरनोबतांचा माणूस होता, त्याने बघितलं आणि हसला. म्हणाला, "राहू द्या की, साहेब. आमचं काय जातंय? तुमचा आकडा तरी बरा दिसेल."

खरंच, कुणाचंच काही जात नव्हतं. तिची जीत ठरलेली, माझी हार ठरलेली. तो गठ्ठा तिथे राहिला असता तर माझं डिपॉझिट वाचलं असतं, ताई. मला ते तेव्हाच कळलं होतं.

मी हात वर केला. निवडणूक अधिकारी लांब होते, ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने म्हणालो, माझी हरकत आहे. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला, त्यांना वाटलं हरणारा आता गोंधळ घालणार. पोलीस पण जवळ आला. अधिकारी येऊन म्हणाले, कशाबद्दल हरकत? मी म्हटलं, ही मतं माझी नाहीत. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग पंचनामा, सह्या, गठ्ठा उचलून तिच्या खणात. सरनोबतांचा माणूस हसत होता तो थांबला आणि मान फिरवून मोबाइल बघायला लागला.

मी वळून बाबांकडे बघितलं. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते शेजारच्या पोराला विचारत होते, "कोण बोललं? कोणत्या पक्षाचा?"

पोरगं म्हणालं, "अपक्ष आहे, आजोबा."

बाबा उठून उभे राहिले.

तुझा,
क्षितिज